निरोगी माणसांची बाटली

गिरिजाबाईंसमोर कशालाही चांगलं म्हणायची सोय नव्हती. कँटीनचं सांबार आज बरं झालंय म्हटलं, की त्या ताटातून मान वर न काढता विचारायच्या, "कोणापेक्षां?" नवीन सेंट्रिफ्यूज छान चालतंय. "कोणापेक्षां?" त्यांच्या नात्यातल्या एका लग्नात मुलाची मावशी कौतुकानं म्हणाली, मुलगा फार शांत स्वभावाचा. बाई म्हणाल्या, "कोणापेक्षां? बापापेक्षां?" बाप शेजारच्याच खुर्चीत होता. ते लग्न झालं, पण बाईंना त्या घरचं आमंत्रण पुन्हा कधी आलं नाही. हे सांगताना त्या स्वतःच इतक्या हसायच्या, की डोळ्यांतून पाणी यायचं.

डोळ्यांतलं पाणी हाच त्यांचा धंदा होता. डोळ्याच्या वरच्या कोपऱ्यात, भुवईच्या हाडाखाली, बदामाएवढी एक ग्रंथी असते. ती अश्रू तयार करते. काही माणसांच्या, बहुतेक बायकांच्या, शरीराला एक दिवस काय होतं कोण जाणे, ते स्वतःच्याच या ग्रंथीला परकं समजून तिच्यावर चाल करून जातं. ग्रंथी हळूहळू मरते. डोळे कोरडे पडतात, तोंड कोरडं पडतं, मग सांधे, मग आणखी काय काय. चेन्नईतल्या ज्या संस्थेत आम्ही दोघी काम करायचो, तिथे गिरिजाबाई या आजाराच्या शास्त्रज्ञ होत्या आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेत ग्रंथींचे पातळ काप काढून, रंगवून, काचेवर चढवून द्यायची.

मी सांगलीची. नवऱ्याची रेल्वेत बदली झाली म्हणून इकडे आले आणि वर्षभर मराठी ऐकायला मिळालं नाही म्हणून रडकुंडीला आले होते. मुलाखतीच्या दिवशी माझा अर्ज चाळताना या बाई एकदम म्हणाल्या, "सांगलीची कां तू? जेवण होलं?" मला वाटलं, आजीची आजी बोलतेय. त्या तंजावरकडच्या मराठी लोकांतल्या. पिढ्यान्‌पिढ्या इथेच. मी नोकरी मिळायच्या आतच आगाऊपणा केला, "बाई, तुमचं मराठी किती जुनं आहे!"

"जुनें नाही. इथलें आहे," त्या म्हणाल्या. "तुमचें बदललें, आम्हीं काय करूं?"

तेव्हापासून माझं नाव सांगली पडलं. माझं खरं नाव त्यांनी फक्त एकदा घेतलं, ते पुढे येईलच.

दिसायला बाई काही खास नव्हत्या. बुटक्या, सुती साडी, कानात कुड्या, केसांत मोगरा. पर्समध्ये लिंबाच्या गोळ्या, टेबलावर पाण्याची बाटली, आणि चहाबरोबर बिस्कीट खायचं ते पार लगदा होईपर्यंत बुडवून. एसीच्या नावानं सतत शंख. "हा एसी माझे डोळे खातो," असं म्हणत पदरानं डोळे टिपायच्या आणि पुन्हा मायक्रोस्कोपला लागायच्या. आम्हाला वाटायचं, वय झालं. त्यांनाही तेच वाटायचं.

इतर शास्त्रज्ञ पेशंटचं तोंड पाहत नाहीत, त्यांना नमुन्यावरचा नंबर पुरतो. बाई मात्र आठवड्यातून एक सकाळ दवाखान्यात जाऊन बसायच्या आणि बायकांना स्वतः प्रश्न विचारायच्या. कोरडं बिस्कीट पाण्याशिवाय गिळता येतं का? पापणी उघडताना वाळू घासल्यासारखं होतं का? शेवटचं रडू कधी आलं? या शेवटच्या प्रश्नावर बायका बोलायला लागायच्या आणि थांबायच्याच नाहीत, कारण तोवर त्यांना तो प्रश्न कुणी विचारलेलाच नसायचा.

त्यातली एक मला चांगली आठवते. सेल्वी तिचं नाव. इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यांच्या मागे एक गाव आहे, तिथली. कुणी गेलं की तिकडे बायका छाती बडवून गाण्यात रडतात, त्याला ओप्पारी म्हणतात. सेल्वी गावची ओप्पारी म्हणणारी होती, मयताच्या घरून तिला मानानं बोलावणं यायचं. तिचे डोळे आटले. गाणं तेच, गळा तोच, पण गालावर थेंब नाही. लोक म्हणायला लागले, हिला आता माज आलाय, वरवरचं करते. मग तिची सख्खी बहीण गेली आणि तिथेही ती कोरड्या डोळ्यांनी बसली. त्यानंतर नवऱ्याची माणसंसुद्धा तिच्याशी बोलेनात. तोवर ती तीन डॉक्टरांकडे जाऊन आली होती. एकानं ड्रॉप्स दिले, एकानं झोपेच्या गोळ्या दिल्या आणि एकानं सांगितलं, तुझ्या मनात आहे.

बाईंनी तिच्या नवऱ्याला आणि दिराला बोलावून घेतलं. मी काढलेला तिच्या ग्रंथीचा काप त्यांना मायक्रोस्कोपखाली दाखवला. निरोगी ग्रंथीत पेशी द्राक्षाच्या घडासारख्या दाटीवाटीनं असतात. सेल्वीच्या कापात गुळाच्या खड्याला मुंग्या लागाव्यात तसे चाल करून आलेल्या पेशींचे निळे ठिपके जमले होते, आणि बाकी सगळी नुसती पांढरी वीण. बाई तमिळमध्ये त्यांना म्हणाल्या, "हिच्या मनात दुःख भरपूर आहे. ते बाहेर यायचा रस्ता तेवढा मेलाय." जाताना सेल्वीच्या हातातली पिशवी दिरानं घेतली.

ते गेल्यावर बाईंनी काच मायक्रोस्कोपवरून काढून ठेवली. मला म्हणाल्या, "सांगली, ही गेल्या वर्षी आली असती तरी मी काय केलें असतें? काही नाही. ग्रंथी मरेपर्यंत आपल्याला कळत नाही. मेल्यावर कळतें. मेलेली ग्रंथी परत येत नाही." आणि मग म्हणाल्या, "मरायच्या आधीं कळलें पाहिजे."

हेच त्यांचं आयुष्याचं काम. जीव रमवायला दुसरी जागा त्यांना नव्हती. लग्न केलं नाही, घरी एक भाऊ-भावजय आणि त्यांची मुलगी मीनू. त्यांचा संशय एका प्रथिनावर होता. त्यांचं म्हणणं, ग्रंथीवर हल्ला सुरू झाला की ती शाबूत असतानाच, डोळे कोरडे व्हायच्या कितीतरी आधी, हे प्रथिन अश्रूंत वाढतं. ते मोजता आलं तर एका थेंबावर आजार ओळखता येईल आणि औषधाला अजून काहीतरी वाचवता येईल. सेल्वीसारख्या बाईला.

आता वाढतं म्हणजे कोणापेक्षा? अर्थात निरोगी माणसापेक्षा. आणि इथे आमच्या प्रयोगशाळेची एक रीत सांगायला हवी.

निरोगी माणसाचे अश्रू मिळवणं महाकठीण. रक्त लोक देतात, पण डोळ्याच्या कोपऱ्याला काचेची नळी लावू द्यायला कोण तयार होतं? म्हणून फार पूर्वीपासून आमच्याकडे रीत अशी, की प्रयोगशाळेतल्याच लोकांनी आपले अश्रू द्यायचे. सगळ्यांचे थेंब एकाच बाटलीत मिसळायचे, त्या बाटलीवर 'निरोगी' अशी चिठ्ठी डकवायची, आणि ती अतिथंड फ्रीजरमध्ये ठेवून वर्षानुवर्षं प्रत्येक पेशंटची तिच्याशी तुलना करायची. मी दिलेत, वॉचमननं दिलेत. ज्या दिवशी बाटली भरायची त्या दिवशी चेष्टेला ऊत यायचा. कुणी म्हणायचं, पगारवाढीचा आकडा आठवा, भरभरून येईल. कुणी कुणाची तपासणी केली नाही. करायची काय? आम्ही धडधाकट होतो, रोज कामावर येत होतो.

सगळ्यांत मोठा वाटा बाईंचा असायचा. त्यांचे डोळे जरा वारा लागला की भरून यायचे. "माझी ग्रंथी कर्णाची आहे," त्या म्हणायच्या आणि आमच्या दुप्पट नळ्या भरून द्यायच्या.

त्या प्रथिनाच्या तपासणीचा निकाल लागला. पेशंटच्या अश्रूंत ते प्रथिन भरपूर होतं. आणि निरोगी बाटलीतही जवळजवळ तेवढंच होतं. फरक नाही. म्हणजे संशय खोटा, थेंबावरची चाचणी खोटी, इतकी वर्षं पाण्यात. मी म्हटलं, बाई, पुन्हा करून बघू. त्यांनी केलं. त्याच बाटलीशी केलं. तेच आलं. दुसरं कुणी असतं तर निकाल खणात टाकून गप्प बसलं असतं. बाईंनी स्वतः बसून पेपर लिहिला, की मला असं वाटत होतं आणि ते चुकीचं निघालं. म्हणाल्या, "दुसऱ्या कोणाचीं वर्षें जाऊं नयेत." पेपर छापून आला. संस्थेच्या यादीत एक आकडा वाढला म्हणून डायरेक्टर खूष झाले. बाई दुसऱ्या कामाला लागल्या, पण त्यानंतर दवाखान्यात बसायच्या त्या सकाळी त्यांचं बोलणं कमी झालं होतं.

पुढची गोष्ट घडली ती एका किटमुळे. या आजाराची रक्तातली अँटीबॉडी तपासायचं नवीन किट आलं. नवीन किट आलं की आधी निरोगी रक्तावर चालवून बघायचं, आणि रीतीप्रमाणे बाईंनीच दंड पुढे केला. निकाल आला, पॉझिटिव्ह. थोडाथोडका नाही, दणदणीत. बाई इतक्या भडकल्या की विचारू नका. विक्रेत्याला फोन लावून त्याची खरडपट्टी काढली, "कसलें किट पाठवतोस? निरोगी माणसाला आजारी दाखवतें!" बिचाऱ्यानं मुकाट्यानं दुसरं किट पाठवलं. तेही तसंच. बाईंनी तेही परत पाठवलं. तिसरं किट दुसऱ्या कंपनीचं मागवलं. ते आलं त्या दिवशी त्यांनी स्वतःबरोबर माझंही रक्त घेतलं. माझं निगेटिव्ह आलं.

त्या दिवशी त्या फोनवर कुणाला बोलल्या नाहीत.

आठवड्याभरानं त्यांनी माझ्यासमोर मेणात बसवलेला एक तुकडा ठेवला. ओठाच्या आतल्या बाजूच्या लाळेच्या ग्रंथींचा होता, या आजारात सहसा तेच तपासतात. म्हणाल्या, "एवढें जरा काढून दे." मी काप काढला, रंगवला, पाहिला. सवयीनं बोलून गेले, "जुनं दुखणं आहे बाई. चांगलं दहा-बारा वर्षांचं तरी असेल. कोण पेशंट?"

"नीट पाहा. दहा-बारा नक्की?"

"नक्की."

"सरी, ठीक," त्या म्हणाल्या. "माझें आहे."

मी पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावला. ज्या बाईनं शेकडो बायकांना विचारलं, कोरडं बिस्कीट गिळता येतं का, ती रोज माझ्या डोळ्यांदेखत बिस्किटाचा लगदा करून खात होती. आणि वाऱ्यानं भरून येणारे डोळे? डोळा कोरडा पडू लागला की सुरुवातीला तो असाच नुसत्या चुरचुरीनं गळतो, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. सगळ्या जगाला कोणापेक्षा म्हणून विचारणाऱ्या बाईंनी हा प्रश्न स्वतःला एकदाही विचारला नाही. माझे डोळे भरून आले.

बाई मात्र उठून फ्रीजरकडे निघाल्या होत्या. दार उघडून त्या वाफाळत्या गारठ्यात उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "वसुधा, बाटलींत मी आहे."

माझं खरं नाव त्यांनी घेतलं ते तेव्हाच. मला उलगडायला थोडा वेळ लागला. निरोगी म्हणून जी बाटली आम्ही जपली, तिच्यात सगळ्यांत जास्त अश्रू एका आजारी बाईचे होते. तिच्याशी तुलना केली म्हणून फरक दिसला नाही. म्हणजे संशय खोटा नव्हता. पेपर खोटा होता.

त्यांना स्वतःच्या आजाराचं दुःख झालंच नाही असं मी म्हणणार नाही. पण त्या दुपारी मी त्यांना जेवढं आनंदात पाहिलं तेवढं कधीच पाहिलं नाही. गालावर लाली, मोगरा सुटलेला. "अस्कं, सगळें परत करूं," म्हणत होत्या. "नीट तपासलेलीं माणसें घेऊं. जुने नमुने आहेत. सेल्वीचे आहेत. आधीं पेपर मागें घेऊं, मग नवीन करूं."

डायरेक्टरांच्या खोलीत मीही गेले होते, काच दाखवायला. त्यांना आम्ही सगळे 'सार' म्हणायचो. सारनी शांतपणे ऐकून घेतलं. मग इंग्रजीत, अत्यंत सभ्य आवाजात म्हणाले, "मॅडम, आधी तब्येतीकडे बघा." बाई म्हणाल्या, पेपरचं काय? सार म्हणाले, निकाल नकारात्मक होता, असले पेपर कोण वाचतं? मागे घेतला तर मात्र सगळे वाचतील. आपल्याच कर्मचाऱ्यांचे अश्रू न तपासता, लेखी संमती न घेता वापरले, हे बाहेर गेलं तर उद्या अनुदान कोण देईल? इतर पेपरही त्याच बाटलीवर उभे आहेत आणि त्यांवर माझंही नाव आहे, असं सारच म्हणाले.

"म्हणून तर सांगतें," बाई म्हणाल्या.

"आपण चौकशी समिती नेमू," सार म्हणाले.

समिती नेमली, आणि तिचा अहवाल येईपर्यंत नवे नमुने घ्यायचे नाहीत असं ठरलं. ती अजून आहे म्हणतात. बाईंनी पेपर छापणाऱ्या मासिकाला परस्पर कळवलं, तर मासिकानं संस्थेला विचारलं, आणि संस्थेनं सांगितलं की चौकशी चालू आहे. मधल्या काळात फ्रीजरमध्ये जागा हवी म्हणून जुने नमुने नियमाप्रमाणे नष्ट करण्यात आले. बाटली गेली. सेल्वीचे अश्रू गेले. नळीला तेव्हा कसेबसे लागलेले ते थेंब तिच्या आटलेल्या डोळ्यांतून आता पुन्हा मिळणार नव्हते. नियमाचं पालन आमच्याकडे इतक्या चपळाईनं झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

मला बाईंचाही राग आला, तो आजही आहे. त्यांनी ओरडायला हवं होतं. वर्तमानपत्रात जायला हवं होतं. मी तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "ओरडून काय? माझ्याकडे आतां नमुना नाही. नमुन्याशिवाय ओरडणारी बाई म्हणजे चुम्मा, उगीच ओरडणारी बाई." त्यांना पुरावा नसताना बोलायची सवयच नव्हती. सारना नेमकं तेच ठाऊक होतं.

निवृत्तीच्या दिवशी शाल, चंदनाचा हार आणि सारचं भाषण. गिरिजा मॅडमनी संस्थेसाठी अश्रू गाळले, असं ते विनोदानं म्हणाले आणि लोक हसले. बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. तोवर त्यांचे डोळे पुरते आटले होते. समोर बसलेल्या एका बाईनं माझ्या कानात सांगितलं, बघ, इतकी वर्षं काढली पण जराही गहिवर नाही. मी तिला काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यानंतर मी वर्षभरात नोकरी सोडली. बाईंना फोन करायची, त्या दोन वाक्यं बोलायच्या. तोंड कोरडं पडायचं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते नुंगंबाक्कमच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात. मी चष्म्याचा नंबर बदलायला गेले होते. बाकावर काळा चष्मा लावलेली एक लहानखुरी म्हातारी, शेजारी गळ्यात ऑफिसचं कार्ड अडकवलेली एक मुलगी. मला वाटलं, बाई स्वतःला दाखवायला आल्या असतील. पण आत नाव पुकारलं ते मीनूचं, त्यांच्या भाचीचं. पेरुंगुडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. बाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "चल आंत. मज एकटीला बोलवत नाही."

डॉक्टर तरुण होता, हसतमुख. मीनूचे डोळे त्यानं तपासले. पाणी आहे, ठीक आहे, थोडी चुरचुर, दिवसभर स्क्रीनकडे बघता ना? आयटीतल्या सगळ्यांचं हेच. बाई म्हणाल्या, घरात हा आजार आहे, मला आहे, तिला आताच औषध सुरू करता येईल का बघा. तो म्हणाला, आंटी, ग्रंथी खराब झाल्याचं काहीतरी लक्षण हवं. रक्त निगेटिव्ह आहे. आधी ओळखायची काही टेस्ट नाहीये.

बाईंनी त्या प्रथिनाचं नाव घेतलं.

डॉक्टरला कौतुक वाटलं. "अरे वा, आंटी, तुम्ही बरंच वाचलंय! पण ते मोजून उपयोग नाही. निरोगी माणसांतही तेवढंच असतं. त्यावर पेपर आहे. आपल्या चेन्नईचाच आहे. फार काळजीपूर्वक केलेलं काम आहे."

"तो पेपर मी लिहिला," बाई म्हणाल्या. "चुकीचा आहे."

तो माझ्याकडे आणि मीनूकडे पाहून हसला. म्हातारी माणसं काहीबाही बोलतात तेव्हा घरच्यांकडे बघून हसतात तसं. मीनूनं लाजून, आता पुरे म्हणून त्यांचा पदर ओढला, "अत्ते, पोदुम."

मी तोंड उघडलं, पण डॉक्टरच आधी बोलला. आवाजात कुठेही उद्धटपणा नव्हता. म्हणाला, "आंटी, चुकीचा असता तर त्यांनी तो मागे घेतला असता ना?"

त्यानं ड्रॉप्स लिहून दिले, स्क्रीन कमी बघा म्हणाला आणि पुढचं नाव पुकारलं. बाहेर आल्यावर मीनूला ऑफिसचा फोन आला, ती खिडकीशी जाऊन कुणाशी तरी हसत बोलायला लागली. मी म्हटलं, परत आत जाते, त्याला सगळं सांगते.

"नको. मीही हेंच म्हटलें असतें," बाई म्हणाल्या. त्यांनी काळा चष्मा काढला. पापण्या लाल, कडा खरखरीत, आणि त्या तशाच डोळ्यांनी त्या खिडकीतल्या मुलीकडे टक लावून पाहत होत्या. फोनवर कुणी काय विनोद केला कोण जाणे, मीनू हसता हसता बोटानं डोळे पुसत होती.

"पाहा," बाई म्हणाल्या. "अजून ओले आहेत."